हेतू आणि हजेरीपट

परदेशातून येऊन आपल्याकडे शाळा चालवणाऱ्या ख्रिस्ती मिशनरी शिक्षकांचा विषय निघाला की मराठी वाचकापुढे दोनच मते मांडली जातात. एक मत म्हणते, ते धर्मांतरासाठी आले होते आणि शाळा हे त्यांचे आमिष होते. दुसरे म्हणते, ते सेवेसाठी आले, त्यांनी आपल्या मुलींना शिकवले, आपण कृतज्ञ राहावे. ही दोन्ही मते एकमेकांशी कितीही भांडली तरी त्यांचा प्रश्न एकच असतो : त्या माणसांचा हेतू काय होता?

मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. हेतूचे उत्तर त्या माणसांनी स्वतःच दिलेले आहे. ख्रिस्ताची वार्ता सांगण्यासाठी आम्ही आलो, असे ते सभेत सांगत, पत्रांत लिहीत आणि अहवालांत छापत. जे उघड आहे ते शोधून काढण्यात शंभर वर्षे घालवण्याचे कारण नाही. शिकवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. हेतूमुळे माणूस वर्गाच्या दारापर्यंत येतो. आत रोज काय घडते ते भाषा, ऊन, पाणी, पीकपाणी, पालकांची गरज आणि समोरच्या मुलाची बुद्धी ठरवते. म्हणून मिशनरी शिक्षकाचा न्याय करायचा असेल तर त्याच्या दिनक्रमाकडे पाहावे, असे माझे म्हणणे आहे. दिनक्रमाकडे पाहिले की आज दोन्ही बाजूंना न दिसणारी माणसेही दिसू लागतात. ती आपलीच माणसे आहेत.

हे म्हणणे मी अकोल्यापासून मांडतो, कारण अकोल्याचे उदाहरण या दोन्ही मतांना अडचणीत आणणारे आहे.

१. जे शिकवायला आलेच नव्हते

अकोल्यात ज्या मिशनचे मुख्य ठाणे झाले ते ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’. न्यूयॉर्कमधले धर्मोपदेशक ए. बी. सिम्प्सन यांनी उभारलेली ही चळवळ. तिची श्रद्धा अशी की सर्व राष्ट्रांत शुभवर्तमान पोचले की ख्रिस्ताचे पुनरागमन होईल. अशा श्रद्धेच्या माणसाला शाळा बांधत बसायला सवड नसते. त्याला गावोगाव जायचे असते. स्कॉटिश मिशनने मुंबई-नागपुरात शाळा आणि महाविद्यालये उभारली. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप तर शाळा सांभाळून टाकळीच्या खडकांतले जीवाश्म गोळा करत आणि गोंडांच्या कथा-गीतांची टिपणे ठेवत. अलायन्सचा पिंड तसा नव्हता. वऱ्हाडातल्या त्यांच्या प्रचारकांचे मुख्य काम थंडीच्या दिवसांत तंबू आणि छकडे घेऊन फिरण्याचे होते. पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते बंद पडत, तेव्हा ते ठाण्यावर परतत.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणवणाऱ्या मुलखात माणसे अन्नाविना मेली. आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आवारात आली. मुलगे अकोल्यात आणि मुली खामगावात ठेवल्या गेल्या. आता या मुलांचे करायचे काय? त्यांना जेवण हवे, कपडे हवेत, आजारात औषध हवे आणि मोठे झाल्यावर पोट भरायला हातात काहीतरी हवे. व्याख्यान देऊन पुढच्या गावाला जाणारा प्रचारक या मुलांसमोर निरुपयोगी होता. म्हणून तो शिक्षक झाला, किंवा त्याची पत्नी झाली, किंवा अमेरिकेतून त्यासाठी एखादी अविवाहित बाई आली.

‘शाळा हे आमिष’ म्हणणाऱ्यांना इथे अडचण येते, कारण या मिशनने शाळा आधी आखलेलीच नव्हती. ‘ते शिक्षणाच्या ध्येयाने आले’ म्हणणाऱ्यांचीही तीच अडचण आहे, कारण शिक्षण हे त्यांचे ध्येय नव्हतेच. दुष्काळाने त्यांना वर्गात उभे केले. वऱ्हाडातल्या परदेशी शिक्षकाची सुरुवात ही अशी, कामाच्या रेट्यातून झालेली आहे.

२. आधी विद्यार्थी

परदेशी शिक्षकाबद्दलच्या चित्रांत तो नेहमी शिकवताना दिसतो, फळ्याजवळ उभा. प्रत्यक्षात त्याची पहिली काही वर्षे बाकावर बसून जात. मिशनांचा साधारण नियम असा की आधी भाषा शिका, परीक्षा द्या, मगच स्वतंत्र काम मिळेल. तिशीतली, आपल्या देशात पदवी घेतलेली बाई रोज सकाळी एका पंडितासमोर बसून बाराखडी गिरवत असे. त, थ, द, ध आणि ट, ठ, ड, ढ हे तिच्या कानाला एकच वाटत. ‘ळ’ जिभेवर येत नसे. नपुंसकलिंगाचे कोडे सुटत नसे. नवलकरांचे मराठी व्याकरण आणि मोल्सवर्थचा कोश हा तिचा प्रपंच. विसाव्या शतकात उन्हाळ्यात महाबळेश्वरला मराठीचे वर्गच भरत आणि वेगवेगळ्या मिशनांचे लोक तिथे जाऊन घोकंपट्टी करत.

या एका गोष्टीवर थांबायला हवे. गणपतराव रघुनाथ नवलकरांचे व्याकरण १८६८ चे. ते एका मराठी माणसाने परकीयांना आपली भाषा शिकवण्यासाठी लिहिले. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यामागे शास्त्री-पंडितांचा एक ताफाच होता. त्याही आधी, १८०५ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले, तेही वैजनाथशास्त्र्यांच्या आधारावर. म्हणजे ज्याला आपण ‘शिकवायला आलेला’ म्हणतो तो पाऊल टाकल्यापासून आपल्या माणसाचा शिष्य होता. पंडिताची हजेरी कोणी मांडली नाही, त्याचे चित्र काढले नाही. त्याला महिन्याचा पगार मिळाला आणि तो घरी गेला. पण बाईंच्या तोंडून पुढची तीस वर्षे जी मराठी निघाली ती त्याची होती.

वऱ्हाडात तर आणखी एक पेच होता. महाबळेश्वरला किंवा पंडिताकडे शिकलेली मराठी पुस्तकी, पुण्याच्या वळणाची. ती घेऊन बाई अकोल्यात आल्या की पोरे म्हणत, ‘मले नाही येत’, ‘कायले मारता’, ‘तो जाऊन राह्यला’. ज्या ‘ळ’साठी त्यांनी वर्षभर जीभ झिजवली तो इथे ‘य’ होई. डोळा ‘डोया’ आणि शाळा ‘शाया’. स्त्रीलिंगी क्रियापदे पाठ केलेली, तर समोरची मुलगी सहज म्हणे, ‘मी जातो, बाई’. मेळघाटात गेले तर भाषाच निराळी. कोरकू ही मराठीच्या कुळातलीही नाही, ती मुंडा कुळातली.

अशा शिक्षकापुढे दोन मार्ग उरतात. मुलाला ‘तू चुकलास’ म्हणून पुस्तकाकडे ओढायचे, किंवा आपणच पुन्हा एकदा विद्यार्थी व्हायचे. बहुतेकांनी दोन्ही केले. पण ज्याने आयुष्यात दुसऱ्यांदा बोलायला शिकण्याची फजिती सोसली आहे, त्याला अडखळणारे मूल वेगळे दिसते, असे मी मानतो. आपल्या शहरांतले किती शिक्षक आजही वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला गावंढळ ठरवून गप्प करतात! त्यांनी ती भाषा कधी शिकलेली नसते, कारण आपल्याला ती येतेच असे त्यांना वाटते.

३. काम म्हणजे काय होते

अकोल्याच्या एखाद्या मिशन शाळेतला दिवस डोळ्यासमोर आणा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून शाळा सकाळची. पहाटे घंटा, प्रार्थना, मग मुलांना आंघोळ घालणे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा जवळच असल्याने पाणी हा कायमचा प्रश्न. ज्वारी मोजून देणे, भाकरी थापणाऱ्या बायकांचा हिशोब, डोक्यातल्या उवा, खरूज, आलेले डोळे, हिवतापाला कोयनेल. त्यानंतर वाचन, लेखन, गणित आणि बायबल. दुपारी मुलींना शिवण, मुलांना सुतारकाम किंवा शेती. ऊन उतरले की मड्डम एका मराठी बाईला सोबत घेऊन वस्तीत जाणार, घरातल्या बायकांशी बोलणार, लिहायला शिकवणार, गाणी म्हणणार. रात्री कंदिलाच्या उजेडात जमाखर्च.

यात ‘धर्मप्रसार’ किती आणि ‘शिक्षण’ किती, हे वेगळे काढता येते का? प्रार्थना आणि बायबलचा तास वेगळा काढता येईल. पण घंटेवर उठणे, पाटीवर तारीख लिहिणे, जात न विचारता एका पंगतीत बसणे, मुलीने गणित सोडवणे, आजारी पडल्यास देवऋष्याआधी औषध घेणे या सगळ्याचा खाना कोणता? धर्मांतराची नोंद एका ओळीची असते. हे सगळे हजारो दिवसांत पसरलेले असते.

याच कामात शिक्षकाचे स्वतःचे संसारही मोडत. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी मसुरीला वुडस्टॉक ही १८५४ पासूनची शाळा होती आणि १९०१ मध्ये कोडाईकॅनॉलला आणखी एक निघाली. सहा-सात वर्षांचे पोर आगगाडीत बसवून हजार मैल दूर पाठवायचे आणि वर्षातून एकदा भेटायचे. जी बाई खामगावात पोरक्या मुलींची वेणी घालत होती, तिच्या मुलीची वेणी दुसरीच कोणी घालत होती. हे मी त्यांचा त्याग वाखाणण्यासाठी सांगत नाही. त्या मुलांना विचारून कोणी हे ठरवले नव्हते, आणि पुढे मिशनरी कुटुंबांतल्या अनेकांनी त्या वियोगाबद्दल दुखऱ्या मनाने लिहिले आहे. परदेशी राहून दुसऱ्यांच्या मुलांचे शिक्षक होण्याची किंमत कोण मोजतो, हा दिनक्रमातलाच प्रश्न आहे आणि हेतूच्या वादात तो कधी येत नाही.

४. घरी जाणारी पत्रे

मिशनरी शिक्षकाचे एक काम आपण विसरतो : पत्रे लिहिणे. शाळेचा पैसा अमेरिकेतल्या, स्कॉटलंडमधल्या साध्या मंडळींकडून येई. त्यांना दर काही दिवसांनी कळवावे लागे की तुमच्या वर्गणीतून हे घडते आहे. या पत्रांनीच आपल्याला मिशनऱ्यांचा बहुतेक इतिहास दिला, आणि म्हणून ती जपून वाचायला हवीत. ज्याला वर्गणी हवी तो अंधार थोडा गडद रंगवतो आणि दिवा थोडा मोठा. बालविधवा, पडदा, भुकेले मूल यांची वर्णने त्यात येतात. ज्वारी मळणाऱ्या शेजारणीने पोरांना ओंजळभर दाणे दिले, हे येत नाही.

जेनी फुलर यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. अकोल्यात राहून काम केलेल्या या अमेरिकन बाईंनी भारतीय स्त्रियांच्या दुःखांवर आधी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात लेख लिहिले आणि १९०० मध्ये त्यांचे पुस्तक झाले. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. त्याच वर्षी फुलर वारल्या. पुस्तकाच्या नावातच भारतीय स्त्रीत्वावरील ‘अन्याय’ आहेत. त्यातल्या बालविवाहाच्या, सक्तीच्या वैधव्याच्या गोष्टी खऱ्या होत्या. आपल्या सुधारकांनीही त्याच सांगितल्या. पण त्या पुस्तकात दिसणारी भारतीय स्त्री मुख्यतः सोसणारी आहे. तिच्या हातची, तिच्या बुद्धीची गोष्ट त्यात कमी. फुलरबाईंच्या शेजारी रोज बसून त्यांना वस्तीत नेणारी, कोणत्या घरी काय बोलावे ते शिकवणारी मराठी बाई मात्र सोसणारी नव्हती, काम करणारी होती. पुस्तकाला आणि पत्राला ती लागत नव्हती. दिनक्रमाला ती रोज लागत होती.

म्हणून मी म्हणतो, मिशनऱ्यांना देवदूत ठरवणारे आणि कारस्थानी ठरवणारे दोघेही एकाच कागदावर विसंबलेले आहेत. एकाला त्या पत्रांतला गौरव खरा वाटतो, दुसऱ्याला त्यांतल्या बढाईत कट दिसतो. पत्र बाजूला ठेवून त्याच महिन्याचा हजेरीपट उघडला तर कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असलेला दिसेल, आणि शिक्षकांच्या सहीच्या जागी मराठी नावे दिसतील.

५. विद्या शिक्षकाच्या हातातून सुटते

आता माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार. शिकवलेली गोष्ट शिक्षकाच्या मालकीची राहत नाही. हे महाराष्ट्राइतके ठळक क्वचितच कुठे दिसले असेल.

सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या. अमेरिकेतून परदेशी पाठवलेल्या त्या पहिल्या अविवाहित मिशनरी स्त्री मानल्या जातात. पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांचा हेतू विचाराल तर तो स्पष्ट होता. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४८ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या शाळेत मुली शिकल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत, तो तिथला उद्देशच नव्हता. जोतीराव स्वतःही ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि अखेर ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला. मिशनऱ्यांकडून त्यांनी शाळेचे तंत्र घेतले, समतेचा काही युक्तिवाद घेतला, आणि बाकीचे स्वतःच्या बुद्धीने केले. फॅरारबाईंच्या अहवालात हे यश म्हणून नोंदवता आले नसते. आज आपण त्याला महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकातली एक मोठी घटना म्हणतो.

उलट दिशेचे उदाहरण बाबा पदमनजींचे. ते मिशनच्या शिक्षणातून ख्रिस्ती झाले, म्हणजे हेतू सफल झाला. पण त्यांनी १८५७ मध्ये लिहिलेली ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते आणि तिचा विषय हिंदू विधवांची स्थिती हा आहे. ती मराठी वाङ्मयाची झाली, मिशनपुरती राहिली नाही. ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे राबले, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी सोडली नाही. परदेशी मिशनचे वर्चस्व सोडले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली तर मिशनचे जग आतून, आपल्या बाजूने दिसते. त्यात परदेशी साहेब-मड्डमा आहेत, पण त्या कथेच्या कडेला आहेत.

धर्म नाकारणारा, धर्म घेणारा आणि धर्म घेऊन मिशन नाकारणारा अशी तीन प्रकारची माणसे मिशनच्या एकाच जगातून निघाली. मग ‘मिशनचा हेतू अमुक होता’ या वाक्यातून आपल्याला काय कळले?

६. उलटा प्रवास

परदेशात राहणारी ख्रिस्ती शिक्षिका म्हटले की आपल्याला गोरी बाई आठवते. पंडिता रमाबाई आठवायला हव्यात. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. एक मराठी विधवा इंग्रजांना शिकवते, त्यात पुरुष विद्यार्थी येण्याची शक्यता, यावर भारतातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीन यांनी त्यांना नम्रता आणि आज्ञापालन शिकवू पाहिले. रमाबाईंनी पत्रांतून ठाम उत्तरे दिली. मी माझ्या विवेकाचा ताबा दुसऱ्याकडे देणार नाही, हा त्या उत्तरांचा सारांश.

म्हणजे परक्या देशात शिकवणाऱ्या माणसाला ज्या गोष्टी सोसाव्या लागतात त्या रमाबाईंनी आपल्या बाजूने सोसल्या : परके अन्न, परके हवामान, ‘तुम्ही आमच्यासारखे वागा’ असा प्रेमळ दट्ट्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘त्यांचा हेतू काय होता’ असे विचारणे किती तोकडे आहे ते लगेच कळते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. मुलींना धर्माची सक्ती नाही अशी ग्वाही होती. १८९३ मध्ये मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून रान उठले आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. त्या वादात रमाबाईंची चूक नव्हती असे मी म्हणणार नाही. विश्वास टाकून पाठवलेल्या मुलींच्या बाबतीत अधिक काटेकोर राहायला हवे होते. पण केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी ज्या रीतीने वाढवले, छापखाना आणि शेती शिकवली, ते त्या एका वादात मावत नाही.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो मी बराचसा मान्य करतो. उपाशी मुलाला भाकरी द्यायची आणि तिच्याबरोबर धर्म द्यायचा, यात संमती कुठे आहे? सहा वर्षांचे पोरके मूल ‘नाही’ म्हणू शकत नव्हते. अकोला-खामगावच्या दुष्काळी मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आजही खरा आहे. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तेव्हा वऱ्हाड त्याच राज्यात होते. १९५६ च्या तिच्या अहवालाने परदेशी मिशनऱ्यांवर कडक शिफारशी केल्या. त्या अहवालाची भाषा मला अनेक ठिकाणी एकांगी वाटते, पण त्याने असहाय माणसाच्या संमतीचा जो मुद्दा मांडला तो टाळता येत नाही. मात्र त्याच १९५६ मध्ये, १४ ऑक्टोबरला, नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला आणि त्यात वऱ्हाडातली माणसे मोठ्या संख्येने होती. प्रौढ माणूस विचार करून धर्म बदलतो तेव्हा तो त्याचा अधिकार आहे. म्हणजे दोष धर्मांतरात नाही, असहायतेचा उपयोग करण्यात आहे. आणि असहायतेचा उपयोग झाला की नाही हे ठरवायलाही दिनक्रमच पाहावा लागतो : मुलाला नातेवाईक शोधू दिले का, मोठे झाल्यावर आवार सोडून जाता आले का, सोडून गेलेल्याला परत शाळेत घेतले का. हेतू तपासून ही उत्तरे मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप सत्तेचा. गोरा माणूस, इंग्रजांचे राज्य, मोठा बंगला, नोकरचाकर, उन्हाळ्यात चिखलदरा. अकोल्यातले मिशनरी अमेरिकन होते, राज्यकर्ते नव्हते. तरी गोऱ्या कातडीचा फायदा त्यांना मिळालाच. जिल्ह्याचा साहेब त्यांना खुर्ची देई, त्यांच्या मराठी सहकाऱ्याला देईलच असे नाही. माझी मिशनांबद्दलची सर्वांत मोठी तक्रार इथली आहे. ‘मिशन कंपाउंड’ नावाची भिंत त्यांनी उभी केली. जो ख्रिस्ती झाला तो गाव सोडून भिंतीच्या आत आला. त्याचे घर, नोकरी, लग्न, दफन सगळे मिशनच्या हातात. गावाने त्याला बाहेर काढले होते हे खरे, पण मिशनने त्याला गावात परत नेण्याचे काम अपुरे केले. तीन-चार पिढ्यांनंतरही वऱ्हाडातल्या ख्रिस्ती माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले जाते, यात गावाचा दोष आहे आणि त्या भिंतीचाही.

तिसरा आक्षेप कृतज्ञ मंडळींचा : तुम्ही सगळे श्रेय आपल्याच लोकांना देऊन परदेशी बाईंचे काम लहान करता. तसे नाही. हजारो मैलांवरून येऊन, परक्या भाषेत, मरण समोर दिसत असताना वीस-तीस वर्षे एका उष्ण गावात राहणे सोपे नव्हते. पण श्रेय एकटीला दिले की काम कसे चालले हे कळत नाही. एका परदेशी शिक्षिकेमागे पंडित, मराठी शिक्षक, वसतिगृहातली देखरेख करणारी बाई, वस्तीत जाणाऱ्या बायका, स्वयंपाकीण, गाडीवान अशी माणसे असत. पगारात त्यांचा वाटा फारच कमी होता, आणि तो भेदभाव मिशनांनी दीर्घकाळ चालू ठेवला. श्रेयाच्या वाटणीत तरी तो पुन्हा होऊ नये.

८. आज शिकवणारे कोण

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे हळूहळू कठीण झाले आणि वऱ्हाडातून गोरे शिक्षक गेले. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेले ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ १९८३ मध्ये पुण्याला हलले. वाशीमचे नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स रुग्णालय, अचलपूरजवळ कोठाऱ्याचे कुष्ठरोग रुग्णालय भारतीय माणसांच्या हाती आले. अकोला-अमरावतीत ख्रिस्ती संस्थांच्या इंग्रजी शाळांत आज जागा मिळवण्यासाठी सर्व धर्मांचे पालक रांगा लावतात. तिथे शिकवणाऱ्या अनेक भगिनी केरळातून, झारखंडमधून आलेल्या असतात. त्यांनाही मराठी पहिल्यापासून शिकावी लागते. त्यांनाही ‘मले’ आणि ‘तुले’ नवे असते. आजचा परगावचा मिशनरी शिक्षक हा असा आहे आणि त्याच्याबद्दल आपण तेच जुने दोन शब्द वापरतो, आमिष किंवा सेवा.

या शाळांबद्दल विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. फी किती, गरीब मुलाला जागा किती, मराठीला वर्गात मान किती, शिक्षकांना वेळेवर पगार मिळतो का, आणि मुलाला प्रश्न विचारू दिले जातात का. हे प्रश्न कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही संस्थेच्या शाळेला लागू आहेत. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत काढलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेलाही तेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत आणि कालपरवा निघालेल्या शाळेलाही.

एक विनंती करून थांबतो. वऱ्हाडातल्या जुन्या मिशन शाळांचे हजेरीपट, वसतिगृहांच्या नोंदवह्या, पगारपत्रके, चर्चची बाप्तिस्म्याची आणि दफनाची पुस्तके अजून कुठे कुठे पडून आहेत. त्यांत पंडितांची, मराठी मास्तरांची, वस्तीत फिरणाऱ्या बायकांची नावे आहेत, जी कोणत्याही परदेशी पत्रात सापडणार नाहीत. तुमच्या घरी, शाळेच्या अडगळीत किंवा चर्चच्या कपाटात अशी वही असेल तर ती रद्दीत देऊ नका. तिचे फोटो काढा, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे द्या, आणि तुमच्या आजी-पणजीला कोणी शिकवले होते ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा.